आयबिस: नवा कीवर्ड नको, आहे तो सक्तीचा करा

नाशिकच्या अंबड-सातपूर भागात मीटर, रिले किंवा पीएलसीची (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) कार्डं डिझाइन करणाऱ्यांना फुकटात मिळणाऱ्या साधनांमध्ये आयबिसचा नंबर फार वरचा आहे. इंटेलच्या पुढाकाराने १९९३ मध्ये सुरू झालेलं हे स्टँडर्ड चिपच्या आतलं सर्किट न दाखवता पिनचं वागणं तक्त्यांत मांडतं. एक तक्ता व्होल्टेज-करंटचा, दुसरा व्होल्टेज-वेळेचा. कायकॅड या मोफत सर्किट डिझाइन सॉफ्टवेअरच्या २०२३ मधल्या ७ व्या आवृत्तीपासून ही तक्त्यांची फाइल थेट सिम्युलेटरला लावता येते: सिम्बॉलच्या सिम्युलेशन मॉडेलमध्ये फाइल द्या, मग पिन आणि मॉडेल निवडा.

सिम्युलेशन न चालवताही ती कामाला येते. पुलडाउनच्या (पिन खाली ओढणाऱ्या भागाच्या) तक्त्यात ०.४ व्होल्टला १६ मिलिअँपिअर दिसले, तर ड्रायव्हर, म्हणजे पिन चालवणारं सर्किट, २५ ओहमचा आहे. ट्रॅक ५० ओहमचा असेल तर सिरीजमध्ये २४ किंवा २७ ओहम लावा. एफआर-४ या नेहमीच्या बोर्ड मटेरियलवर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणून १ नॅनोसेकंदाची एज (सिग्नल चढायला-उतरायला लागणारा वेळ) असेल तर अडीच सेंटिमीटरच्या पुढचा ट्रॅक तपासावाच. क्लॉक ८ मेगाहर्ट्झचा असला तरीही, कारण रिंगिंग, म्हणजे सिग्नलची थरथर, एजमुळे होतं.

खरी अडचण फाइलच्या दर्जाची. पुलअपच्या (पिन वर ओढणाऱ्या भागाच्या) तक्त्यात व्होल्टेज सप्लायपासून मोजायचं असतं, ग्राउंडपासून नाही. हाताने दुरुस्त केलेल्या फाइलींत इथेच घोळ होतो. क्लँपचा (पिनच्या संरक्षक डायोडचा) करंट पुलअप-पुलडाउनमधून वजा केला नसेल तर तो दोनदा धरला जातो आणि ओव्हरशूट (सिग्नलची ठरलेल्या पातळीपलीकडची उसळी) खऱ्यापेक्षा कमी दिसतो. नुसता रॅम्प (चढ-उताराचा सरासरी वेग) दिलेला, वेव्हफॉर्म नाहीत, अशी फाइल एजच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही. तापमानही बघा: फाइलमध्ये वेगळी दिली नसेल तर रेंज ० ते १०० अंश, आणि ती सिलिकॉनची, हवेची नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलसाठी सीमॉस (आजच्या बहुतेक चिपचा प्रकार) असेल तर तक्त्यातला मिनिमम कॉलम चालवा. गरम चिपचा सुस्त ड्रायव्हर तिथेच असतो.

आयबिसचेक हा फाइलींचा मोफत तपासनीस प्रोग्राम बरंच पकडतो. दोन्ही प्रकारच्या तक्त्यांतली टोकं एकमेकांपासून २ टक्क्यांपेक्षा जास्त हुकली की इशारा देतो. पण फाइल व्याकरणात बसते आणि तक्ते आपसांत जुळतात एवढंच त्यातून कळतं; चिप तशी वागते का, हे नाही.

आता स्टँडर्डमध्ये पुढे काय घालावं? २००८ च्या ५.० मध्ये वेगवान सिरीयल लिंकसाठी एएमआय ही मॉडेलची पद्धत आली, २०१९ च्या ७.० मध्ये इंटरकनेक्टची (चिपच्या जोडण्यांची) मॉडेलं. दोन्ही गरजेची होती. ईएसडी (स्थिर विजेचा झटका), सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) हेही यातच घ्या ही मागणी मात्र मान्य करू नये. व्होल्टेज-करंटचे तक्ते उणे सप्लायपासून सप्लायच्या दुपटीपर्यंतचे. किलोव्होल्टचा पल्स त्यात मावत नाही, आणि आयसीच्या ईएमसी (विद्युतचुंबकीय त्रासाच्या) मॉडेलसाठी आयईसी ६२४३३ हे स्टँडर्ड आहेच.

हवी ती गोष्ट आधीच आत आहे: टेस्ट लोड आणि टेस्ट डेटा हे दोन कीवर्ड (फाइलमधल्या ठरलेल्या नोंदींची नावं). ठरलेल्या लोडवर पिनचा अस्सल वेव्हफॉर्म कसा येतो, ते यात लिहिता येतं. पण ते ऐच्छिक असल्यामुळे बहुतेक फाइलींत सापडतच नाही. आउटपुट मॉडेलला निदान एक टेस्ट डेटा सक्तीचा करावा, आणि तो मोजलेला की सिम्युलेट केलेला हे लिहायला लावावं. सक्ती नव्या व्हर्जनचा क्रमांक लावणाऱ्या फाइलींपुरतीच ठेवली, तर जुन्या फाइली अडत नाहीत. असा प्रस्ताव बर्ड नावाच्या ठरलेल्या नमुन्यात जातो: अडचण काय, तोडगा काय, स्टँडर्डमध्ये कोणता बदल लागेल.

तोवर फाइल हातात आली की ५० ओहमच्या फिक्श्चरवर (चाचणीच्या लोडवर) मॉडेल चालवा आणि निकाल तिच्यातल्याच रायझिंग वेव्हफॉर्मवर ठेवून बघा. जुळत नसेल तर आयबिसचेकचा आउटपुट जोडून विक्रेत्याच्या अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरकडे नवी फाइल मागा.