गोळीची वेळ, बातमीची वेळ आणि एकच टिंग: उपचारांच्या बातम्या देणाऱ्या ॲपबद्दल

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक मोठ्या अक्षरांसाठी.

गंभीर आजारांवरच्या नव्या संशोधनाच्या बातम्या फोनवर पाठवणारं हे ॲप मी २०१७ पासून वापरते आहे. आपला आजार निवडायचा, की त्याच्याच बातम्या येतात. शिवाय गोळ्यांची आठवण करून देण्याची सोय आहे. दोन्ही एकत्र मिळतात म्हणून घेतलं, आणि नेमकं तिथंच फसले. कारण गोळीचा आवाज आणि बातमीचा आवाज एकच.

माझ्या नवऱ्याला पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा, ठरल्या वेळेला. थोडा उशीर झाला तरी हाताची थरथर वाढते आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्यामुळे टिंग वाजलं की मी हातातलं काम टाकून पाण्याचा पेला घेऊन धावते. कितीदा तरी असं झालंय की जाऊन बघते तर गोळी नसतेच, उंदीर असतो! 'पार्किन्सन्सवर मोठं यश' असा ठळक मथळा, आणि खाली तिसऱ्या-चौथ्या ओळीत कळतं की यश उंदराला मिळालंय.

आमच्याकडे सगळ्यात गाजलेली बातमी ऑगस्ट २०१७ ची. एक्सेनाटाईड नावाचं मधुमेहाचं औषध, आठवड्यातून एक इंजेक्शन, पार्किन्सन्स रोखतं म्हणे. मूळ रेणू गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेला. टिंग वाजल्यावर पाचव्या मिनिटाला नणंदेचा फोन. "वहिनी, वाचलंत का? औषध आलं! दादाला सांगितलंत?" संध्याकाळपर्यंत तीच बातमी सात जणांकडून आली. प्रत्येकाच्या हातून जाताना एकेक शब्द गळत गेला. 'आशा' गेली, 'प्राथमिक' गेलं, सातव्या निरोपात नुसतं 'पार्किन्सन्स बरा होतो' एवढंच उरलं. ह्यांनी त्या रात्री मला विचारलं, "अगं, सरडे पुरतील का सगळ्यांना?" (औषध कारखान्यातच तयार होतं, सरडे सुरक्षित आहेत.) पण त्यानंतरचे पंधरा दिवस ते न सांगता व्यायाम करत होते, हेही लिहायला हवं.

मूळ अभ्यास मी नंतर सावकाश वाचला. ६० रुग्ण, त्यातले निम्म्याच्या आसपास औषधावर. वर्षभराहून थोड्या जास्त काळानंतर हालचालींच्या मोजमापात दोन गटांत साडेतीन गुणांचा फरक. ती मोजपट्टी १३२ गुणांची आहे. संशोधकांनी स्वतः स्वच्छ लिहिलं होतं की मोठी चाचणी झाल्याशिवाय काही सांगता येणार नाही. ॲपच्या मथळ्यात मात्र ना ६० होते, ना १३२.

बातमी ऐकून माणसं अशीच उसळतात, हे काही फोनमुळे झालेलं नाही. १९९८ च्या मे महिन्यात एका अमेरिकन वर्तमानपत्रानं कर्करोगावरच्या दोन औषधांची बातमी पहिल्या पानावर छापली, तर ती बनवणाऱ्या कंपनीचा १२ डॉलरच्या आसपासचा शेअर एका दिवसात ५० च्या वर गेला. तेव्हाही बरे झाले होते ते उंदीरच. ज्यांच्या प्रयोगशाळेतलं ते काम, ते ज्यूडा फोकमन तर म्हणाले होते, तुम्हाला कर्करोग असेल आणि तुम्ही उंदीर असाल, तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो.

पुढची टिंग एप्रिल २०२४ ची. एक्सेनाटाईडचंच भावंड, लिक्सिसेनाटाईड. १५६ रुग्ण, एक वर्ष. औषधावरच्या लोकांची हालचाल जवळजवळ होती तशीच राहिली, बाकीच्यांची तीन गुणांनी खालावली. निम्म्यांच्या आसपास लोकांना मळमळीचा त्रास. निदान होऊन तीन वर्षांच्या आतल्या रुग्णांवरच ती चाचणी होती, म्हणजे आमचा नंबर कधीच गेला होता. नणंदेचा फोन आला, ह्यांनी घेतला, "हो हो, तोच सरडा" म्हणाले.

आणि मग काहीच वाजलं नाही.

गेल्या तपासणीला मी सहज डॉक्टरांना विचारलं, त्या एक्सेनाटाईडच्या इंजेक्शनचं पुढं काय झालं हो? ते लिहिता लिहिता थांबले. "तुम्हाला कळलं नाही? मोठी चाचणी झाली. उपयोग नाही झाला." फेब्रुवारी २०२५ मध्येच ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. १९४ रुग्ण, ९६ आठवडे, औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक नाही. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी डावा हात उजव्या हाताखाली दाबून धरला, थरथर लपवायची असली की धरतात तसा, आणि म्हणाले, "बरं."

घरी येऊन ॲपमध्ये औषधाचं नाव शोधलं. २०१७ ची बातमी जशीच्या तशी, वर हिरवी पट्टी, 'आशेचा किरण'. निकालाबद्दल एक ओळ नाही. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की वापरणाऱ्यांना सकारात्मक मजकूर आवडतो. माझी खरी तक्रार हीच आहे. यश आलं की टिंग करता ना, मग तेच औषध पडलं तेव्हाही करा. मी आठ वर्षं मनात ते इंजेक्शन सांभाळून ठेवलं होतं.

बाकी बारीकसारीक. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, वाचून दाखवणारा आवाज स्पष्ट आहे. पण बातमी बंद करायची फुली तांदळाएवढी! थरथरणाऱ्या बोटानं ती लागतच नाही, दर वेळी खालची जाहिरात उघडते. आजारी माणसांसाठी म्हणून बनवलेल्या गोष्टीत हे व्हावं? ज्या लेव्होडोपावर हे रोज उभे राहतात, ते साठच्या दशकात आलेलं. त्यावर या ॲपनं इतक्या वर्षांत एक बातमी दिली नाही. जुनं झालं ना.

सध्या मी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह बघते, औषधांच्या चाचण्यांची नोंद ठेवणारं अमेरिकन सरकारचं संकेतस्थळ. फुकट आहे. रूप रूक्ष, इंग्रजी किचकट, पण चाचणीचं नाव टाकलं की चालू आहे, संपली की मध्येच थांबवली, किती रुग्ण, ते तिथं नोंदलेलं असतं. फोनवर टिंग वाजत नाही, आपणच जाऊन बघावं लागतं.

ॲप काढून टाकलेलं नाही, गोळ्यांसाठी लागतंच. फक्त सेटिंगमध्ये बराच वेळ खटपट करून बातम्यांचा आवाज बंद केला. आता टिंग वाजलं की ती गोळीच असते. महिनाभरानं हे पेला हातात घेत म्हणाले, "हल्ली काही शोध लागत नाहीत वाटतं?"