डेबियन १२ वरची सही-पडताळणी : वर्षभराच्या वापरानंतर

जुना लॅपटॉप चालतो आहे तोवर नवा घ्यायचा नाही, या हिशेबाने त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली घातली, त्याला आता वर्ष उलटले. सॉफ्टवेअरची पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या एपीटीची सही-पडताळणी (पॅकेजे खऱ्या कर्त्याचीच आहेत ना, याची डिजिटल सहीवरून तपासणी) एरवी निमूटपणे चालते. परंतु प्रिंटरसाठी जोडलेल्या एका कंपनीच्या रिपॉझिटरीच्या (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्याच्या) सही तपासायच्या किल्लीची मुदत संपली आणि पॅकेजांच्या याद्या ताज्या करणारी ‘एपीटी अपडेट’ ही आज्ञा चालवल्यावर ‘एक्सपीकीसिग’ (मुदत संपलेल्या किल्लीची सही) हा शेरा उमटू लागला.

कंपनीच्या मदत केंद्राने उपाय सुचवला, तो असा : सोर्सेसच्या (रिपॉझिटरींच्या यादीच्या) ओळीत ‘ट्रस्टेड=येस’, म्हणजे ‘न तपासता विश्वास ठेव’, असे लिहा. मुदत वाढवून किल्ली पुन्हा उपलब्ध करणे हे त्यांचे काम; ते सोडून ग्राहकाने तपासणीच बंद करावी, हा सल्ला संतापजनक आहे. सही असते ती रिपॉझिटरीच्या इनरिलीज या मुख्य फाइलवर; तिच्यात पॅकेजांच्या यादीचा शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) असतो आणि त्या यादीत प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे पॅकेजाचा. ती एक सही तपासायची सोडली, तर पुढचे हॅश कितीही जुळोत, ते कोणी लिहिले याचा पत्ता लागत नाही.

कोणत्या रिपॉझिटरीला कोणती किल्ली चालेल हे ठरवणारा ‘साइन्ड-बाय’ हा पर्याय मला आरंभी निव्वळ उपद्व्याप वाटत असे, कारण पूर्वी किल्ली जोडणाऱ्या ‘एपीटी-की ॲड’ या आज्ञेने एका ओळीत काम भागे. ते मत आता मागे घेतो. जुन्या पद्धतीने घेतलेली किल्ली, वेगळे बंधन घातले नसेल तर, जोडलेल्या कोणत्याही रिपॉझिटरीसाठी ग्राह्य धरली जाई. म्हणजे असा सल्ला देणाऱ्या कंपनीची सही खुद्द डेबियनच्या पॅकेजांनाही चालली असती! ‘साइन्ड-बाय’ने तिचा अधिकार तिच्याच रिपॉझिटरीपुरता उरतो. (तिचे पॅकेज बसवताना स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणूनच चालते, तिथे मात्र हे कुंपण कामाचे नाही.) डेबियन १३ मधून एपीटी-की काढूनच टाकले आहे, ते योग्यच झाले.

एपीटीविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे. सही नापास झाली तरी ते केवळ ‘डब्ल्यू’ने (वॉर्निंग) सुरू होणारी सूचना देते आणि जुनीच यादी वापरत राहते. ज्याचे अपडेट आपोआप होतात, त्याला त्या रिपॉझिटरीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्याचे कळायचे कसे?

पुढे कंपनीने नवी किल्ली दिली, पण तिचा चाळीस अक्षरी फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारा क्रमांक) छापला तोही किल्लीच्याच पानावर. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या संकेतस्थळात घुसून आयएसओची (प्रणाली बसवायच्या फाइलची) लिंक बदलली गेली होती. तसे इथे झाले, तर किल्ली आणि फिंगरप्रिंट दोन्ही एकाच हाताने बदलता येतील. प्रिंटर कप्सवर (लिनक्सच्या छपाई व्यवस्थेवर) ड्रायव्हरविना छापतो, असे मग आढळले. रिपॉझिटरी आणि किल्ली दोन्ही काढून टाकल्या. शाईची पातळी तेवढी आता स्क्रीनवर दिसत नाही.