लिमोझिन भाड्याने ठरवताय? आमच्या ऑफिसचे ६५,५०० कसे गेले ते आधी वाचा

लग्नसराई तोंडावर आली आणि जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर परत ते फोटो फिरू राहिले. काळी लांबलचक लिमोझिन, आत निळे लाइट, खाली लिहिलेलं "रॉयल एंट्री, पूर्ण खान्देशात सर्व्हिस, लिमिटेड डेट्स". म्हणून लिहायला घेतलं. आमच्याकडे लग्न नव्हतं, ऑफिसचा कार्यक्रम होता, पण फसवायची पद्धत तीच आहे आणि लग्नाच्या घाईत तर अजून सोपी.

मी जळगावात बी-बियाणं आणि ठिबकच्या सामानाच्या एका फर्ममध्ये अकाउंट्स बघतो. आमच्याकडे एक आप्पा होते, वसुलीला आणि मार्केटिंगला, दुकान पत्र्याच्या शेडमध्ये होतं तेव्हापासूनचे. चोपडा, यावल, रावेर, सगळ्या केळी पट्ट्यातली उधारी आप्पांच्या तोंडी हिशोबावर चालायची, माझ्या सॉफ्टवेअरात एकवेळ चूक निघेल पण त्यांच्या डोक्यात नाही. ते डिसेंबरात रिटायर होणार होते. तर शेठच्या मुलाच्या, म्हणजे छोट्या शेठच्या, मनात आलं की हा माणूस जन्मभर मोटरसायकलवर उन्हातान्हात फिरला, शेवटच्या दिवशी त्याला लिमोझिनमधून गावी सोडायचं. गाव धरणगाव तालुक्यात. ऑफिसच्या मागे भरीत पार्टी, बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, मग सत्कार आणि मग गाडी. कल्पना वाईट नव्हती. मोठे शेठ फक्त एवढंच बोलले की "आप्पाला विचारलं का?" आणि नाही विचारलं, कारण सरप्राइज.

गाडी छोट्या शेठना इन्स्टाग्रामवर सापडली. फोन लावला तर समोरचा एकदम गोड, "भय्या" "सर" करत बोलणारा, म्हणे इंदूरहून गाडी पाठवतो, दोन दिवसांत बुक करा, तुमच्या तारखेला अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात. ठरले ५५,०००. अ‍ॅडव्हान्स २५,०००. यूपीआयवर टाकायला गेलो तर नाव येतंय एका बाईचं, कंपनीचं नाही. विचारलं तर म्हणे फर्मच्या खात्याचं लिमिट संपलंय, हे मॅडमचं खातं आहे. पैसे टाकायचा हुकूम होता, टाकले. आता नीट ऐका, पैसे टाकताना स्क्रीनवर जे नाव येतं ते बँकेकडचं नाव असतं, त्या माणसाने स्वतः टाइप केलेलं नसतं. जाहिरातीत एक फर्म आणि खात्यावर भलतंच नाव असं दिसलं की तिथेच थांबून करंट अकाउंट मागायचं.

त्यानंतर सुरू झालं एकेक. चार दिवस राहिले असताना फोन, की एमपीतून महाराष्ट्रात यायला स्टेट परमिट लागतं, त्याचे ७,५०० वेगळे, ते कोटेशनमध्ये नव्हते. आम्ही म्हटलं पावती पाठव. त्याने कसलीतरी पीडीएफ पाठवली, वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, पण गाडीचा नंबरच नाही. अहो परमिट गाडीला मिळतं, फोन नंबरला नाही! दुसऱ्या राज्यात भाड्याची गाडी न्यायची तर टॅक्स आणि परमिट दोन्ही गाडीच्या नंबरावर निघतात, ते परिवहनच्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होतं आणि पावतीवर नंबर छापून येतो. हे मी छोट्या शेठना बोललो पण तोवर बॅनर छापून आले होते, त्यावर लिमोझिनचा फोटो, बाजूला आप्पांचा फोटो हात जोडलेला. आता माघार कोण घेणार.

त्या फोटोबद्दलही सांगतो. आमचा डिलिव्हरीच्या टेम्पोवरचा ड्रायव्हर आहे, शिकला कमी पण गाड्यांचा किडा. त्याने बॅनर बघितला आणि म्हणाला, "भो, स्टेअरिंग तं डावीकडे आहे हिचं." खरंच डावीकडे. परदेशातल्या गाडीचा फोटो. आपल्याकडे डाव्या स्टेअरिंगची गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे ठरवून दिलेलं, चालू स्थितीतलं सिग्नलचं यंत्र असल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. अख्ख्या ऑफिसने तो बॅनर बघितला होता, स्टेअरिंग फक्त त्याला दिसलं.

मग आदल्या दिवशी बिलाचा विषय. मला एन्ट्रीला जीएसटी बिल पाहिजे. बिल आलं, दिसायला फर्स्ट क्लास. पण जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतो, महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, गुजरात २४. इंदूरच्या फर्मच्या नंबराची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता कोणालाही नंबर टाकून बघता येतो, मी टाकला तर नाव निघालं कपड्याच्या कसल्यातरी ट्रेडरचं आणि स्टेटस कॅन्सल्ड. मी तसाच मोबाइल घेऊन केबिनमध्ये गेलो. आत छोटे शेठ फोनवर त्याच माणसाशी बोलत होते आणि त्याने तेवढ्यात "गाडी निघतेय, डिझेलला १५,००० टाका, उरलेले १५,००० कार्यक्रम झाल्यावर" म्हणून पैसे घेऊन टाकले होते. म्हणजे त्याच्याकडे गेले ४७,५००.

गाडी आली. हे मान्य करायला पाहिजे, गाडी आली. पुढे हाच मुद्दा आमच्या अंगावर आला ते सांगतोच.

पण आली ती काळी नव्हती, पांढरी होती, आणि लिमोझिन म्हणावं असं तिच्यात लांबीशिवाय काही नव्हतं. जुनी सेडान मधून कापून, मध्ये पत्रा जोडून लांब केलेली. जोडाच्या जागी पुट्टी भरलेली, त्यावर रंगाचा थर, उन्हात तिरकं बघितलं की लाट दिसायची. मागचा एक दरवाजा आतून उघडत नव्हता, बाहेरून कोणीतरी उघडायचा. आत सीटवर पांढरं रेक्झिन, फिनाइलचा वास, प्लास्टिकची गुलाबं, आणि मध्ये एका लाकडी खोक्यात दारूचे ग्लास उलटे टांगलेले, गाडी चालू झाली की किणकिण वाजायचे. आप्पा माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ, नवीन सफारी, हातात श्रीफळ आणि शाल, त्यांना आत बसवलं, समोर मोठे शेठ आणि वहिनी. आप्पांनी ग्लासांकडे बघून विचारलं, "हाई काय शे? पानी पेवाना गल्लास शेतस का?" कोणी काही बोलेना. वहिनींनी पदर पुढे करून त्या खोक्यावर पिशवी ठेवली.

त्याआधी गेटवरच तमाशा झालेला. ड्रायव्हर म्हणतो आधी माझे पैसे. कसले पैसे? तर त्याला त्या फोनवाल्याने सांगितलेलं की पार्टी जागेवर १८,००० रोख देणार आहे. त्याला वरून एक रुपया मिळाला नव्हता, गाडी त्याच्या मालकाची, मालक तिसराच, इंदूरचा कोणी नाहीच. फोनवाला हा फक्त मधला, त्याच्याकडे ना गाडी ना ऑफिस, दोन्हीकडून गोड बोलून जमवायचं आणि आपले काढून घ्यायचे. त्याला तिथूनच फोन लावला तर स्विच ऑफ. बाहेर शंभरेक लोक, बँडवाले, सत्काराला आलेले शेतकरी, बायामाणसं, आणि हा गडी चावी खिशात घालून उभा. छोट्या शेठनी गल्ल्यातून १८,००० काढून दिले. बेरीज झाली ६५,५००. त्या ड्रायव्हरवर मला राग येत नाही फार, तोही बिचारा उपाशी आला होता, भरिताच्या पंगतीला बसवला त्याला.

खरी मजा पुढे. जळगावहून हायवेने पाळधीपर्यंत ठीक गेलं, मागे आमच्या मोटरसायकली, दोन बोलेरो. मग धरणगावकडे वळलो आणि गावाच्या तोंडाशी शाळेजवळचा स्पीडब्रेकर. आता हिशोब साधा आहे, पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर वाढवलेलं, पण जमिनीपासूनची उंची जुन्या गाडीचीच. पुढची चाकं उतरली, मागची चढायच्या आत पोट टेकलं. असा आवाज आला की शाळेतली पोरं वर्ग सोडून कुंपणावर. ड्रायव्हर रेस करतोय, खालून सायलेन्सर घासतोय, धूर आत जातोय, एसी आधीच बंद, आणि तो दरवाजा आतून उघडेना. एक म्हातारा ओट्यावरून ओरडला, "हाई गाडी शे का भुसावळनी आगगाडी?" आम्ही सगळे इस्त्रीच्या शर्टात ढकलायला. शेवटी शेठ, वहिनी, आप्पा सगळ्यांना उतरवलं, वजन कमी झालं तशी गाडी सुटली, पण मागचा बंपर एका बाजूने लोंबत.

आप्पा परत आत बसायला तयार नाही. "माले नही बठनं आते," म्हणाले आणि शाल खांद्यावर टाकून पायी निघाले, मागे बँड, मागे आम्ही. मोठे शेठ त्यांच्या बरोबरीने चालत होते, जुन्या वसुल्यांच्या गप्पा मारत. छोटे शेठ मोबाइलमध्ये बघत चालू राहिले होते, कान लाल.

आता उपयोगाचं. त्या गाडीला पांढरी नंबरप्लेट होती, काळ्या अक्षरांची. म्हणजे खाजगी. ड्रायव्हरसकट भाड्याने चालणाऱ्या गाडीला पिवळी प्लेट पाहिजे, काळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटच्या गाडीला भाड्याचं परमिट मिळूच शकत नाही, म्हणजे ते ७,५०० तर निव्वळ हवेतले. आणि अशी गाडी भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला तर मॉडेल, वाहनाचा वर्ग, विमा, फिटनेस सगळं दिसतं. आम्ही टाकला तर साधी सेडान, मोटार कार, विमा संपलेला. बुकिंगच्या आधी नंबर मागा आणि स्वतः बघा, "नंबर निघताना देतो" म्हणाला की विषय संपवा. व्हिडिओ कॉलवर गाडीभोवती फिरून नंबरप्लेटसकट दाखवायला सांगा, ज्याच्याकडे गाडीच नाही तो शंभर कारणं सांगेल.

आणि अशी कापून लांब केलेली गाडी मुळातच कायद्यात बसत नाही. कलम ५२ प्रमाणे कंपनीने जशी बनवली आणि आरसीवर जे आहे त्यात असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलासाठी ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वरातीच्या मध्यात आरटीओने गाडी जप्त केली तर नवरदेव रस्त्यावर आणि पैसे परत कोण देणार, विचार करा.

तक्रारीचं काय झालं? पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे गाडी आली ना तुमच्याकडे, मग फसवणूक कशी, पैशाचा वाद आहे, दिवाणी बाब. मी खोटं परमिट आणि खोटं जीएसटी बिल दोन्हीच्या प्रिंट पुढे ठेवल्या तेव्हा अर्ज घेतला. ऑनलाइन तक्रारीसाठी १९३० वर फोन केला, नंबर मिळाला. पण १९३० चा फायदा पैसे गेल्या गेल्या केला तरच, समोरच्याने रक्कम पुढे सरकवायच्या आत ती होल्डला टाकता येते, आमच्या वेळी त्या मॅडमच्या खात्यात काही उरलंच नव्हतं.

ग्राहक आयोगाचं वकिलांना विचारलं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, इंदूर-दिल्ली गाठायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. आमची अडचण वेगळी, बिल फर्मच्या नावावर. व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा असेल तर घेणाऱ्याला ग्राहक धरत नाहीत, समोरचा वकील हाच मुद्दा काढणार. निरोप समारंभ हा काही धंदा नव्हे असं आमचं म्हणणं, बघू. लग्नासाठी बुक करणाऱ्यांना ही भानगड येणार नाही, फक्त बुकिंग घरातल्या माणसाच्या नावावर ठेवा, दुकानाच्या नाही. नोटीस पाठवली ती "पत्ता अपूर्ण" शेरा मारून परत आली, पाकीट न फोडता फाइलला लावलंय.

जाहिरात अजून चालू आहे, नाव बदललंय, फोटो तोच, डाव्या स्टेअरिंगचा. धुळे, नंदुरबार, चाळीसगावकडे कोणाचे असे पैसे अडकले असतील तर व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तो नंबर आणि यूपीआय आयडी टाकून तक्रार करा. तिथे संशयित नंबर तपासायचीही सोय आहे, पैसे टाकायच्या आधी एकदा तेवढं बघून घ्या.