किडनी ट्रान्सप्लांटचे ॲनिमेशन व्हिडिओ: डायलिसिस सेंटरवर काही महिने दाखवल्यावर

सांगलीत एका डायलिसिस सेंटरला टेक्निशियन आहे. पावसाळ्यात आमच्या डॉक्टरांनी मराठी ॲनिमेशन व्हिडिओंचा एक सेट दिला, एकेक दोन-तीन मिनिटांचा, आणि म्हणाले पेशंटला दाखवत जा. तेव्हापासून टॅबवर दाखवतेय. माझं मत आधीच सांगते, व्हिडिओ चांगले आहेत, फक्त बनवणाऱ्यांनी धरलंय की बघणारा म्हणजे पेशंट, आणि आमच्याकडं निर्णय घेणारी माणसं बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसलेली असतात.

सगळ्यात भारी व्हिडिओ म्हणजे नवी किडनी कुठं बसवतात तो. बहुतेकांचा समज हाच की खराब किडन्या काढायच्या आणि तिथंच नवीन घालायची. व्हिडिओत शरीर पारदर्शक होतं, जुन्या दोन्ही पाठीमागं तशाच राहतात (काही कारण असलं तरच काढतात), आणि नवीन येते पुढं, ओटीपोटात एका बाजूला, तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात, लघवीची नळी मूत्राशयाला. हे मी कागदावर पेनानं काढून दाखवायचे, माझी किडनी वांग्यासारखी दिसायची, लोक मान हलवायचे आणि पुढच्या वेळी परत तेच विचारायचे. आता नाही विचारत.

पण दाखवायची वेळ सांभाळावी लागते. डायलिसिसच्या चार तासांतला पहिला तास बरा, नंतर कुणाचं बीपी उतरतं, कुणाला पायात गोळे येतात, बाकीचे झोपतात. फिस्टुलाचा हात (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला, त्यातच सुया असतात) हलवायचा नसतो, म्हणजे टॅब एकाच हातात, तो छातीवर ठेवून बघणार. मेंदूमृत दात्याचा व्हिडिओ असा अर्धवट बघून एका काकांनी शेजारच्या बेडला सांगितलं की जिवंत माणसाची काढतात. व्हिडिओत नीट सांगितलंय खरं तर, व्हेंटिलेटरवर हृदय चालू दिसतं पण मेंदू कायमचा बंद असतो, आणि चार डॉक्टरांचं पॅनल सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवतं. काकांना परत पहिल्यापासून दाखवला.

मग मी बाहेरच्यांना दाखवायला लागले. पलूसकडचे एक आण्णा येतात, त्यांच्या बायकोला जिवंत दात्याचा व्हिडिओ लावून दिला. ऑपरेशन दुर्बिणीनं होतं, डोनर काही दिवसांत घरी जातो, उरलेली एक किडनी काम वाढवून घेते, सगळं शांतपणे बघितलं. शेवटी येतं की काही आठवडे जड वजन उचलू नका, आणि चित्रात काय तर जिममधला डंबेल! काकू म्हणाल्या, "ताई, हे आपल्यात कोण उचलतंय? वैरणीचा भारा चालंल का त्यो सांगा. आन् धार काढायला बसता येईल का?" मी म्हटलं भारा सध्या नाही, धारेचं सर्जनला विचारू. मग त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले, आण्णांसमोर एकही विचारला नसता. व्हिडिओत एक वाक्य आहे, की डोनर कुठल्याही टप्प्यावर नाही म्हणू शकतो आणि डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलतात. तेवढाच तुकडा त्यांनी परत लावायला सांगितला. हे वाक्य अजून ठळक हवं होतं, कारण सेटमध्ये भाऊ भावाला देतो असं दाखवलंय, आणि मी बघते तर किडनी द्यायला पुढं येणार आई नाहीतर बायको.

आता काय नाही ते. कायदा अजिबात नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात किडनी देऊ शकणारे जवळचे नातेवाईक कोण ते ठरलेलं आहे, नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा, नातवंडं. मेहुणा यात बसत नाही, त्याचं प्रकरण परवानगीसाठी प्राधिकार समितीकडं जातं. लग्न झालेली मुलगी बसते, पण घरातच तिला कुणी धरत नाही. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, जुने फोटो ही कागदं गोळा करताना लोकांची दमछाक होते, त्याचा एक व्हिडिओ करायला काय हरकत होती? वेटिंग लिस्टचा आहे, पण त्यात नुसती रांग दाखवलीय. आपल्या भागाची यादी पुण्याच्या झेडटीसीसीकडं (मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटून देणारी विभागीय समिती) असते, नाव ट्रान्सप्लांटची परवानगी असलेल्या हॉस्पिटलमार्फत लागतं, आणि रात्री किडनी आहे म्हणून फोन आला तर सांगलीहून पुण्याला चार-पाच तास लागतात, तिथं क्रॉसमॅच (दात्याशी रक्त जुळतं का ती तपासणी) जुळला नाही तर परत यायचं. हे आधी कळलं पाहिजे. पैशाचं तर नावच नाही. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ट्रान्सप्लांटची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, ते मी तोंडी सांगते, आणि नंतर जन्मभर गोळ्या लागतात त्याचा हिशोब पण.

गोळ्यांचा व्हिडिओ बरा आहे. टॅक्रोलिमस (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी) बारा-बारा तासांनी, आणि रक्तातली तिची लेव्हल बघायला रक्त द्यायचं ते सकाळची गोळी घ्यायच्या आधी, हे घड्याळ दाखवून मस्त समजावलंय. पण टाळायच्या फळात ग्रेपफ्रूटचा काप काढलाय, तो सगळ्यांना मोसंबीच वाटतो. एका घरात पोरानं वडिलांची मोसंबी बंद केली आणि पपनस मात्र चालू, खरं तर पपनसच टाळायला पाहिजे. चित्रात पपनस दाखवलं असतं तर प्रश्नच मिटला असता. आवाज पण न्यूज वाचल्यासारखा आहे, आटपाडीकडच्या आजींना दोनदा ऐकवावा लागतो.

सध्या मी किडनी कुठं बसते आणि दात्याचा, हे दोन व्हिडिओ नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवते, घरी सगळे मिळून बघतात. मेंदूमृतचा मात्र समोर बसूनच दाखवते. तुमच्या सेंटरला सुरू करणार असाल तर हेडफोन वायरवाले घ्या, ब्लूटूथवाले मशीनखाली पडतात आणि सुया लावलेला पेशंट वाकून बघायला जातो.