जुना जपानी ॲम्प घेताय? आधी आमचे ७१,८०० कुठे गेले ते वाचा

इंदुरात एक माणूस घरी येऊन म्युझिक सिस्टिमचा आवाज "खोलून" देतो. आता कळतंय की देवास-उज्जैनकडेही जातो. नाव लिहीत नाही, एक तर तक्रार चालू आहे आणि दुसरं म्हणजे नाव तो तसंही बदलतो, पण पद्धत मात्र सगळी लिहिते कारण पद्धत तीच राहणार आहे.

आमच्याकडे लोकमान्यनगरच्या घरात नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सोनोडाइन कंपनीचा जुना ॲम्प (स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर) आणि दोन लाकडी स्पीकर. नानांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं, त्यामुळे घरात झुमरा तालाचा ठेका आणि खाँसाहेबांचा खर्ज हे रविवार सकाळचं ठरलेलं. नाना गेले, सिस्टिम तशीच राहिली, आणि नवऱ्याच्या मनात आलं की आता जरा चांगलं करून घेऊ. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात चहा पिताना कोणीतरी नंबर दिला, आपलाच माणूस आहे, मराठी आहे, घरी येऊन ऐकवतो, पसंत पडलं तरच घ्या.

आला तो आधी आईंच्या (सासूबाईंच्या) पाया पडला. मूळचा पुण्याचा म्हणे. नानांचा फोटो बघून हात जोडले, मग "काय ऐकायचे हो नाना?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकून "वा, म्हणजे कान तयार असलेलं घर आहे, इथे हलकं काही चालणार नाही" असं म्हणाला. झालं, त्या एका वाक्यानंतर कोण भाव करणार.

डेमो कसा दिला ते नीट वाचा कारण खरी फसवणूक तिथे आहे, मालात नंतर.

पहिल्यांदा म्हणाला, "दादा, तुमचीच सिस्टिम आधी ऐकू, म्हणजे फरक कळेल." त्याआधी "कनेक्शन ढिली दिसतायत" म्हणून स्पीकरच्या मागे वाकून काहीतरी खुडबुड केली. मग स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. आमचाच ॲम्प, आमचेच स्पीकर, पण आवाज असा पोकळ यायला लागला की आम्ही एकमेकांकडे बघतोय, तबल्याचा बायाँ गायब, गाणारी बाई नक्की कुठे उभी आहे तेच कळेना, कधी डावीकडे वाटते कधी डोक्यावर. तो मान हलवून म्हणाला, "बघा, वर्षानुवर्षं हे ऐकत होतात तुम्ही." मग स्वतः आणलेला सत्तरच्या दशकातला जपानी ॲम्प जोडला, चकाचक ॲल्युमिनियमचं तोंड, मीटरमध्ये निळा लाईट, डब्यातून काढलेली मनगटाएवढी जाडजूड पारदर्शक वायर, आणि तेच गाणं. हॉल भरून गेला. बाई बरोब्बर मधोमध येऊन उभी राहिली. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, मलाही फरक ऐकू आला, कारण फरक होताच. तो त्याने बनवला होता.

बिल असं झालं: ॲम्प ३८,०००, "ऑक्सिजन फ्री कॉपर" वायर १,८०० रुपये मीटरने दहा मीटर म्हणजे १८,०००, भिंतीवर लावायचे फोमचे चोवीस तुकडे ४५० ला एक म्हणजे १०,८००, आणि "रूम कॅलिब्रेशन" (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं) ५,०००. बिल म्हणजे बोलायचं म्हणून, कागद एकही नाही. पैसे यूपीआयने कोणा तिसऱ्याच नावाच्या खात्यात, "ते माझ्या मेहुण्याचं आहे". जुना ॲम्प दोन हजारात एक्स्चेंज मागत होता, पण आईंनी साफ सांगितलं की नानांची वस्तू घराबाहेर जाणार नाही. त्यावर त्याने फार आग्रह धरला, पाच हजारापर्यंत चढला, तेव्हा मला जरा विचित्र वाटलं होतं. आता कळतं का हवा होता, तो गेला असता तर तुलना करायलाच काही उरलं नसतं. जाताना हॉलचे भरपूर फोटो काढले, म्हणे आठवण म्हणून.

दिवाळीच्या आतच संध्याकाळी घुर्र आवाज यायला लागला. फोन केला तर "तुमच्या लाईटचा प्रॉब्लेम, स्टॅबिलायझर घ्या, माझ्याकडे आहे". मग एका रात्री डाव्या स्पीकरमधून फट्ट झालं, जळका वास, आणि वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा, गप्प. त्यानंतर त्याचा फोन आधी बिझी आणि मग बंद.

जेल रोडच्या मागे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, रेडिओच्या जमान्यापासूनचे, त्यांच्याकडे ॲम्प नेला. झाकण काढलं, पाच मिनिटं नुसतं बघत बसले, मग म्हणाले, "भाभीजी, ओरिजिनल तो सिर्फ डब्बा है." आणि एकेक दाखवत गेले. मागे व्होल्टेज लिहिलेल्या पट्टीवर चंदेरी स्टिकर चिकटवलेला, तो नखाने सोलला तर खाली १०० व्होल्ट. म्हणजे जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला सेट, आपल्याकडच्या २३० साठी नाही. त्याने सोबत एक छोटा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर दिला होता तो २३० चे ११० करणारा. आमच्या भागात रात्री लाईट २४० पर्यंत जाते, तेव्हा त्या हिशेबाने १०० च्या सेटला ११५ मिळत होते. रोज पंधरा टक्के जास्त, आणि आतले कपॅसिटर पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे.

मग हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग. तिथे मूळचे मोठे धातूचे ट्रान्झिस्टर स्क्रूने आवळलेले असायचे, त्यांची भोकं रिकामी दिसत होती आणि शेजारी नव्याने भोकं पाडून काळे प्लास्टिकचे चपटे ट्रान्झिस्टर बसवलेले. वर तोशिबाचं नाव आणि ५२०० आणि १९४३ हे नंबर. ही जोडी चांगलीच आहे म्हणे, पण ती या सेटच्या कितीतरी वर्षांनंतर बाजारात आली आणि तिच्या डुप्लिकेट मालाचा तर सुळसुळाट आहे. त्या मेकॅनिक काकांनी जळालेला एक पकडीत धरून कडकन फोडला आणि भिंगाखाली धरला, आत सिलिकॉनची चकती मोहरीच्या दाण्याएवढी. मग ड्रॉवरमधून स्वतःकडचा एक जुना, खरा, फुटका दाखवला, त्यातली चकती कितीतरी पट मोठी. करंट त्या चकतीतूनच जातो, ती छोटी असेल तर हळू आवाजात काही होत नाही आणि जरा मोठा केला की उडते. उडाली की थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, स्पीकरमध्ये. तसं होऊ नये म्हणून सेटमध्ये रिले नावाचा आपोआप चालणारा स्विच असतो जो स्पीकरचं कनेक्शन तोडतो, पण या महाशयांनी रिलेच्या पायांवर वायरचा तुकडा सोल्डर करून तो कायमचा बाद केलेला. रिले खराब असेल, बदलायला पैसे लागतात, तुकडा फुकट. त्या फुकटापायी नानांच्या वूफरची कॉइल जळाली, ती भरून घ्यायला वेगळा खर्च.

वायरचं तर हसावं की रडावं. काकांनी ब्लेडने एक तार खरवडली, वरचा तांब्याचा रंग गेला आणि आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेतं आणि वजन तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणून जाडजूड वायर हातात घेतली की हलकी लागते, ही खूण लक्षात ठेवा. पारदर्शक कव्हर जाड असतं त्यामुळे तारेची जाडी पण फुगवून दिसते. आणि मुळात घरात पाच मीटरच्या अंतराला महाराणी रोडवर मिळणारी अडीच एमएमची साधी तांब्याची फ्लेक्सिबल वायर पुरून उरते. हिशेब करा, जाऊन-येऊन दहा मीटरला तिचा रेझिस्टन्स एका ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि समोर स्पीकर आठ ओहमचा. यात ऐकू येण्यासारखं काय राहिलं?

फोमचं मी घरीच बघितलं. तो म्हणाला होता "बेस कंट्रोल होतो आणि आग लागत नाही". गच्चीवर नेऊन एका तुकड्याला काडी लावली तर पेटून थेंब थेंब गळायला लागला, तो नानांच्या फोटोखालच्या समईपासून हातभर अंतरावर लावलेला होता. आणि बेस म्हणाल तर १०० हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी जवळजवळ ३.४ मीटर, तो पकडायचा तर त्याच्या चौथाई म्हणजे ८५ सेंटीमीटरचा हिशेब लागतो, हा एक इंची फोम त्याला काय अडवणार. तो फक्त वरच्या सुरांची झिलई खातो, टाळ आणि तंबोऱ्याची जवारी मेली, घुमणं होतं तसंच राहिलं.

आता तो डेमो. पुतण्याने त्या दिवशी सगळा प्रकार मोबाइलवर शूट केला होता, फॅमिली ग्रुपवर टाकायला. पुन्हा बघताना मीच एका जागी थांबवला. नाना डोळ्यांनी अधू झाल्यावर त्यांनी प्लसच्या वायरला लाल दोरा गुंडाळून ठेवला होता, दोन्ही स्पीकरना. "आधीचा आवाज" ऐकवतानाच्या व्हिडिओत डाव्या स्पीकरच्या मागे तो लाल दोरा स्पष्ट दिसतोय, काळ्या टर्मिनलमध्ये. म्हणजे कनेक्शन आवळायच्या नावाखाली त्याने एका स्पीकरची वायर उलटी केली. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात आणि मधला आवाज जागा सोडतो. नेमकं तेच आम्ही ऐकलं आणि त्याला "जुन्या सिस्टिमचा दोष" समजलो. स्वतःचा ॲम्प जोडताना वायर सरळ लावली, की झाला चमत्कार.

दुसरी गोष्ट, पूर्ण व्हिडिओत त्याचा हात व्हॉल्यूमच्या बटणावरून निघतच नाही. नवऱ्याने एकदा हात पुढे केला तर "दादा, गरम व्हायला वेळ लागतो, मी करतो". आवाज एक-दोन डेसिबलने वाढवला तर कानाला तो मोठा वाटत नाही, जास्त स्वच्छ वाटतो. दुकानात, घरी, कुठेही दोन वस्तू ऐकवणारा माणूस व्हॉल्यूम स्वतःकडे ठेवत असेल तर ती तुलनाच नाही. तुम्ही फिरवा, फोनवर डेसिबलचं ॲप लावून दोन्ही सारखे करा, आणि तुमचं रोजचं गाणं लावायला सांगा, त्याचा पेनड्राइव्ह नको. आम्ही खाँसाहेबांचा मारवा लावायला सांगितला होता तर म्हणाला जुन्या रेकॉर्डिंगमध्ये दम नसतो. उलट जुनं मोनो रेकॉर्डिंग हीच परीक्षा आहे, नाट्यसंगीताची कुठलीही जुनी तबकडी चालेल, दोन स्पीकरच्या मधे बसल्यावर गायक बरोबर मधोमध आला पाहिजे, नाही आला तर एक वायर उलटी. खात्री करायची तर स्पीकरची वायर ॲम्पमधून काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, प्लसला प्लस असेल तर वूफरचा पडदा बाहेर उडी मारतो.

वॉटचंही तसंच. तो सारखा म्हणायचा "तुमचा पन्नासचा, हा शंभरचा". दुप्पट वॉटने आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. आणि पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) म्हणून हजारात आकडे लिहितात ते तर वाचूच नका, आरएमएस (सलग मिळणारी ताकद) विचारा.

नानांचा सोनोडाइन काकांनी साफ करून दिला, दोन कपॅसिटर बदलले, बस. स्पीकर शोकेसच्या कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन फूट पुढे आणले, कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतोच. पेटीतला वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर यावा म्हणून खाली लाकडी स्टुलं, दोन स्पीकरमधलं अंतर आणि माझ्या खुर्चीपर्यंतचं अंतर सारखं, तोंडं जराशी आत वळवलेली. टाइल्सवर मधे आईंची जुनी जाड सतरंजी टाकली, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं. हॉलमध्ये टाळी वाजवली की आधी टण्ण व्हायचं ते गेलं. या मांडणीचा खर्च विचाराल तर वायर आणि टेम्पोवाल्याला चहा. खाँसाहेबांचा खर्ज आता घुमत नाही, शब्दासकट येतो. आई म्हणाल्या, "हे असंच वाजायचं की आधी पण, तुम्ही ऐकतच नव्हतात."

तक्रारीचं सांगते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी पुरावे जमवायला सांगितलं. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅट चालतात, आणि आमच्या चॅटमध्ये त्याने स्वतः लिहिलंय "ऑल ओरिजिनल, अनटच्ड, २३० व्होल्ट". तो म्हणेल की सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते. नसेल, पण खोटं सांगून विकायची परवानगी पण नसते. काकांकडून सगळं लिहून घेतलं, जळालेला ट्रान्झिस्टर पुडीत बांधून ठेवलाय, जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज गेलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांत तक्रार करता येते, तेव्हा ज्यांचे गेलेत त्यांनी "जाऊ दे" म्हणून बसू नका. पैसे ऑनलाइन देऊन वस्तू आलीच नाही असं कोणाचं झालं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच, त्याच दिवशी फोन करा.

आणि हो, गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली, दुसरं नाव, दुसरा नंबर, खाली "आमच्या समाधानी ग्राहकाचं घर" म्हणून फोटो. पिवळी भिंत, चोवीस फोम, शोकेसवर पितळी समई, आणि कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली निळी साडी. ते आमचं घर आहे आणि साडीतली मी आहे. समाधानी वगैरे काही नाही.