डिप्लोमा फिल्मसाठी किल्ला, अभयारण्य की गावातला वाडा?

लोकेशन दूरचं असलं की विद्यार्थी आधी फ्रेम बघतात. माझं म्हणणं, जागा कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. परवानगी आठवड्यात मिळेल की महिने जातील, हे त्यावरच ठरतं.

किल्ल्यांचंच घ्या. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या महाराष्ट्रातल्या ११ किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे रायगड आणि राजगड नावाने जवळचे, पण अर्ज वेगवेगळ्या दारी. केंद्राच्या स्मारकावर चित्रीकरणाला परवाना लागतो आणि शुल्क दिवसाच्या हिशेबाने असतं, त्यामुळे एक दिवस वाढला की बजेट कोलमडतं. संस्थेचं पत्र जरूर जोडा, पण सवलत धरून हिशेब मांडू नका. पर्यटक म्हणून फोटो काढता येतात, तेवढ्यावर ट्रायपॉड लावता येईल असं समजू नका. राज्याकडचा राजगड निवडलात, तर गुंजवण्यातून किंवा पालीतून सगळं सामान पाठीवर न्यावं लागेल. प्रतापगडाला गाडी बरीच वर जाते. छोट्या युनिटला तो सोयीचा.

अभयारण्य मी विद्यार्थ्यांना सहसा सुचवत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. रात्रीचं शूट, जनरेटर, मोठे दिवे यांची आशाच धरू नका, आणि प्राण्यांसाठी ते योग्यच आहे. हरिश्चंद्रगड गड म्हणून डोक्यात असेल, तर तो अभयारण्यात येतो हे विसरू नका.

उरला गावातला वाडा. वाई-मेणवलीकडच्या लोकांना शूटिंगची सवय आहे, त्यामुळे काम पटकन समजतं. दरही तसेच ठरलेले. थोडं आडबाजूचं गाव मिळालं तर जास्त चांगलं. तिथे कागद कमी: मालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आणि पोलीस ठाण्याला तारखांसह कळवणं. पण वाडा एकाच्या ताब्यात दिसला तरी कागदावर सगळे भाऊबंद असतात. चुलते मुंबईला, आत्या नाशिकला. वाड्यात राहणाऱ्या काकांनी मनापासून हो म्हटलं तरी बाकीच्यांची संमती घ्याच, नाहीतर ऐन शूटच्या सकाळी फोन येतो आणि दाराला कुलूप लागतं. गावची जत्रा आणि भातलावणीचे दिवसही आधी विचारून घ्या. त्या दिवसांत कुणाला वेळ नसतो आणि आपण मागूही नये.

रेल्वे स्टेशन हवं असेल तर ते ज्या रेल्वे झोनमध्ये (मध्य, पश्चिम वगैरे) येतं, त्या झोनचा जनसंपर्क विभाग. कोकणात मात्र कोकण रेल्वे महामंडळ स्वतंत्र. ड्रोनचे नियम वेगळे, जागेच्या परवानगीत ते बसत नाहीत.

निवड करताना पटकथेला एक प्रश्न विचारा: पात्राला गडावर चालायचं आहे, की गड नुसता दिसायला हवा? दिसणं पुरत असेल तर पायथ्याच्या गावातून गडाचे लांबचे शॉट घ्या आणि दगडी भिंतीचे क्लोजअप वाड्यात करा. पात्राला खरंच तट चढायचा असेल तर गडच घ्या, मात्र परवाना हातात येईपर्यंत कलाकारांच्या तारखा पक्क्या करू नका.