मुंबईच्या फ्लॅटसाठी गिझर: इन्स्टंट की स्टोरेज?

तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर दोन किलोवॉटच्या स्टोरेजपेक्षा जास्त वीज खातो, हा समज मोडायला हवा. किलोवॉट म्हणजे वीज ओढण्याचा वेग; बिल येतं ते युनिटचं. थंडीत आपल्या नळाचं पाणी २५ अंश धरा. अंघोळीला ४० अंशांचं हवं, तर १५ लिटरच्या बादलीला सुमारे ०.२६ युनिट लागणारच. तीन किलोवॉटचा ते काम पाचेक मिनिटांत उरकतो, दोन किलोवॉटचा आठ. ऊर्जेच्या वहीत खाडाखोड चालत नाही.

खरा फरक पडतो तो साठवून ठेवलेल्या पाण्यामुळे. स्टोरेजची टाकी ६० अंशांवर असली की पफचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचं, आवरण असूनही उष्णता हळूहळू बाथरूममध्ये झिरपते. ही गळती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते, त्यामुळे मुंबईत ती महाबळेश्वरपेक्षा कमीच. तरीही दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्यांना बिलात दिसते. अंघोळीआधी वीस मिनिटं लावला आणि मग बंद केला, तर हा मुद्दा जवळपास निकाली निघतो.

मग इन्स्टंटच घ्यावा? बादलीने अंघोळ करत असाल तर हो, तीन लिटरचा पुरतो. शॉवर हवा असेल तर मात्र गणित फिरतं. मिनिटाला सहा लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला सहा किलोवॉटहून जास्त लागतात. तीन किलोवॉटमध्ये जेमतेम तीन लिटर निघतं, म्हणजे धार अगदी बारीक. उलट १५ लिटरच्या टाकीतलं ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं साधारण ३५ लिटर होतं. सकाळच्या लोकलच्या घाईत पाठोपाठ अंघोळी असतील तर माझं मत स्टोरेजला.

पाइप गॅस आहे म्हणून गॅस गिझर? कोळशावरच्या वीजकेंद्रात इंधनाची निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते, त्यामुळे इंधनाच्या हिशेबात गॅस उजवा. पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आपल्या बाथरूमची खिडकी केवढी असते! ड्राय बाल्कनीत बसवता येत नसेल तर विषय सोडा.

तीन किलोवॉट म्हणजे १३ अँपियर. जुन्या इमारतीत राहत असाल तर खरेदीआधी वायरमनकडून १६ अँपियरचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घ्या.